ध्वनी आणि चित्र यांचा सांधा

मनमाड किंवा भुसावळ यांसारख्या मोठ्या जंक्शनात गाडी शिरते तेव्हा प्रवाशाचे लक्ष सामानाकडे, हमालाकडे आणि घड्याळाकडे असते. गाडी याच फलाटावर का आली, शेजारच्या रुळावर का गेली नाही, हा प्रश्न त्याच्या मनात येत नाही; आणि तो येऊ नये म्हणूनच रुळांचे सांधे बदलणारी माणसे व यंत्रे तेथे अहोरात्र जागी असतात. नभोवाणी आणि दूरचित्रवाणी यांच्या केंद्रांतही असाच एक सांधा असतो. निवेदकाचा आवाज श्रोत्याच्या ओळखीचा असतो, गायकाचे नावही त्याला ठाऊक असते. परंतु स्टुडिओतील तो आवाज क्षेपणयंत्रापर्यंत नेऊन पोहोचविणारे यंत्र त्याच्या कानावरही आलेले नसते. अभियंते त्याला राउटर म्हणतात. घरोघरी इंटरनेटसाठी जी लहानशी पेटी असते तिलाही हेच नाव आहे. नाव एक असले तरी कूळ वेगळे. प्रत्येक आवाजाला आणि प्रत्येक चित्राला त्याच्या त्याच्या वाटेला लावणे हे या राउटरचे काम होय. आणि त्याची मांडणी नीट झाली नाही, तर ‘वाटेला लावणे’ आणि ‘वाट लावणे’ या दोन मराठी प्रयोगांतील अंतर किती थोडे आहे, याचा प्रत्यय यावयास वेळ लागत नाही.

या यंत्राची गरज समजावयाची तर एखाद्या केंद्राची नित्याची सकाळ डोळ्यांपुढे आणावी. एका स्टुडिओत भक्तिगीतांचे ध्वनिमुद्रण लागलेले असते. दुसऱ्यात शेतकऱ्यांसाठी होणाऱ्या संवादाची तालीम चाललेली असते. शहरातील सभागृहातून एक तार आलेली असते. आणि या सर्वांबरोबर दूरच्या केंद्राचा आवाजही येऊन थांबलेला असतो. कारण ठरलेल्या क्षणी त्या केंद्राचे बातमीपत्र सहक्षेपित करावयाचे असते. मराठी राष्ट्रीय बातमीपत्र अनेक वर्षे दिल्लीहून प्रसारित होत असे आणि मराठी मुलुखातील केंद्रे ते सहक्षेपित करीत. दूरचित्रवाणीतही १५ ऑगस्ट १९८२ पासून दिल्लीचा राष्ट्रीय कार्यक्रम सुरू झाला, तेव्हा ठरलेल्या वेळी आपले चित्र बाजूला सारून दिल्लीचे चित्र क्षेपणयंत्राकडे वळविणे हे ठिकठिकाणच्या केंद्रांचे रोजचे कर्तव्य होऊन बसले. येणारे अनेक, जाणारे अनेक, आणि त्यांची गाठ योग्य क्षणी पडली पाहिजे. राउटरची सारी कथा या एका वाक्यात सामावलेली आहे.

ही गाठ पूर्वी हाताने मारली जाई. लोखंडी फळीवर छिद्रांच्या ओळी असत. प्रत्येक छिद्राच्या मागे एक तार आलेली असे. दोन्ही टोकांना खुंटी असलेली दोरीसारखी लवचिक तार घ्यावयाची, एक खुंटी स्टुडिओच्या छिद्रात आणि दुसरी क्षेपणयंत्राच्या छिद्रात खोचावयाची, की मार्ग तयार झाला. या फळीला पॅच बे म्हणतात. ही कल्पना टेलिफोनच्या व्यवसायातून आली. अमेरिकेतील न्यू हेवन येथे जानेवारी १८७८ मध्ये पहिले व्यापारी टेलिफोन एक्स्चेंज सुरू झाले आणि पुढे एक्स्चेंजच्या फलकांवर पाव इंच जाडीच्या खुंट्या रूढ झाल्या. त्याच जातीच्या खुंट्या पुढे नभोवाणीच्या नियंत्रण कक्षांत आणि गिटारवादकांच्या हातांतही गेल्या.

हाताने गाठ मारण्यात एक गोम आहे. जो माणूस खुंटी खोचतो, त्याच्या सावधपणावर आणि प्रामाणिकपणावर सारा व्यवहार अवलंबून राहतो. या संदर्भात अमेरिकेतील अल्मन स्ट्राउजर याची हकिगत नेहमी सांगितली जाते. कॅन्सस सिटीमध्ये अंत्यसंस्कारांची व्यवस्था करण्याचा त्याचा धंदा होता. गावातील एक्स्चेंजवर बसणारी बाई आपले ग्राहक प्रतिस्पर्ध्याकडे वळविते, असा त्याला संशय आला, असे म्हणतात. संशय खरा असो वा नसो, त्यातून जे निपजले ते खरे आहे. मधला माणूसच नको, अशा हेतूने त्याने स्वयंचलित एक्स्चेंजची रचना केली. १८९१ मध्ये त्याला एकस्व मिळाले आणि १८९२ मध्ये इंडियाना राज्यातील ला पोर्ट येथे असे पहिले एक्स्चेंज सुरू झाले. मार्ग जोडणारा हात आणि मार्ग मागणारा माणूस यांची त्या दिवशी फारकत झाली. राउटर हा याच फारकतीचा वारस आहे.

राउटरची अंतर्रचना कागदावर सहज काढून दाखविता येते. आडव्या रेषा काढाव्यात. त्या म्हणजे येणारे संकेत, ज्यांना सोर्स किंवा स्रोत म्हणतात. त्यांना छेदणाऱ्या उभ्या रेषा काढाव्यात. त्या म्हणजे संकेत जेथे जावयाचे ती ठिकाणे, म्हणजे डेस्टिनेशन. जेथे आडवी रेषा उभीला छेदते, त्या प्रत्येक छेदनबिंदूवर एक छोटासा विजेचा दरवाजा आहे, असे समजावे. दरवाजा उघडला की तो स्रोत त्या ठिकाणी पोहोचला. सोळा स्रोत आणि सोळा ठिकाणे असतील तर असे २५६ दरवाजे होतात. १२८ आणि १२८ असतील तर १६,३८४. हाताने खुंट्या खोचण्याचे दिवस का संपले, ते या आकड्यांवरूनच उमगते.

येथे रेल्वेची उपमा थोडी अपुरी पडते. गाडी एका वेळी एकाच मार्गाने जाते. आवाज मात्र एकाच वेळी वीस ठिकाणी जाऊ शकतो. निवेदकाचा मायक्रोफोन क्षेपणयंत्राकडे, ध्वनिमुद्रणाकडे, अधिकाऱ्याच्या खोलीतील ध्वनिवर्धकाकडे आणि शेजारच्या केंद्राकडे एकदमच पाठविता येतो, आणि त्यामुळे तो क्षीण होत नाही. उलट दिशेला मात्र नियम कडक आहे. एका ठिकाणी एका वेळी एकच स्रोत. दुसरा आला की पहिला आपोआप दूर होतो. दोन आवाज एकत्र मिसळावयाचे असतील तर ते काम मिक्सरचे. राउटर मिसळत नाही, तो केवळ निवडतो. या साध्या नियमातच त्याचे बळ आहे आणि त्याचा धोकाही आहे. कारण क्षेपणयंत्राच्या वाटेवर चुकीचा स्रोत आणून बसविला, तर योग्य स्रोत त्याच क्षणी निमूटपणे बाहेर पडतो.

चित्र आले की गुंतागुंत वाढते. दूरचित्रवाणीत चित्र आणि आवाज ही जोडी असते, पण ती सदैव बांधलेली असतेच असे नाही. म्हणून राउटरचे थर कल्पिलेले असतात; एक थर चित्राचा, एक वा अनेक आवाजांचे. कळ दाबली की नेहमी सर्व थर बरोबर बदलतात. परंतु ते सोडविण्याचीही सोय असते, आणि भारतासारख्या बहुभाषिक देशात तिचे महत्त्व फार आहे. एखाद्या सोहळ्याचे चित्र दिल्लीहून येत आहे, पण त्यावरील निवेदन मुंबईच्या स्टुडिओतून मराठीत करावयाचे आहे, अशा वेळी चित्राच्या थरावर दिल्ली आणि आवाजाच्या थरावर मुंबई अशी निवड करावी लागते. तांत्रिक भाषेत याला ब्रेकअवे म्हणतात. सोहळा एकच, पण तो इंदूरच्या, बडोद्याच्या किंवा हैदराबादच्या मराठी घरात आपल्या भाषेत पोहोचतो, त्यामागे या दोन थरांची अशी तात्पुरती फारकत असते. सोहळा संपल्यावर ही फारकत मोडण्यास विसरले, तर पुढच्या कार्यक्रमाच्या चित्रावर भलत्याच स्टुडिओतील कुजबुज ऐकू येते.

मार्ग कोणत्या क्षणी बदलावा, यालाही शिस्त आहे. भारतात वापरल्या गेलेल्या जुन्या पद्धतीत दूरचित्रवाणीचे एक चित्र ६२५ रेषांचे असे आणि सेकंदाला २५ चित्रे येत. म्हणजे एका चित्राचे आयुष्य ४० सहस्रांश सेकंद. या रेषांपैकी सुमारे ५० रेषा पडद्यावर दिसतच नसत. दोन क्षेत्रांच्या दरम्यान किरणाला पुन्हा वर जाण्यासाठी ती सवड ठेवलेली असे. राउटर आपला सांधा बदलतो तो या न दिसणाऱ्या रेषांच्या वेळी. ६२५ रेषांच्या पद्धतीत सहाव्या रेषेवर आणि पुढे आलेल्या उच्च विभेदनाच्या १,१२५ रेषांच्या पद्धतीत सातव्या रेषेवर हा बदल करावयाचा, असा संकेत ठरलेला आहे. बदल चित्राच्या मध्येच झाला तर अर्धा चेहरा एका माणसाचा आणि अर्धा दुसऱ्याचा असा विचित्र प्रकार क्षणभर दिसेल. परंतु हा संकेत पाळला जावयाचा तर केंद्रातील सर्व कॅमेरे व यंत्रे एकाच तालावर चालली पाहिजेत. म्हणून एक मध्यवर्ती तालसंकेत साऱ्या यंत्रांना आणि राउटरलाही पुरविला जातो. तबलजीने लग्गी कितीही रंगविली तरी सम सर्वांची एकच असावी लागते, त्यातलाच हा प्रकार. आवाजाच्या बाबतीतही लहरीच्या मध्येच तोड पडली तर ‘टक्’ असा आवाज उमटतो. तो टाळण्यासाठी क्षणार्धात एक आवाज उतरवून दुसरा चढविण्याची युक्ती काही राउटरांत योजलेली असते.

अशा यंत्राची उभारणी कशी करावयाची? अननुभवी माणूस प्रथम तारा ओढावयास घेतो. अनुभवी माणूस प्रथम कागद घेतो. केंद्रातील प्रत्येक स्रोताची आणि प्रत्येक ठिकाणाची यादी केली जाते. प्रत्येकाला क्रमांक आणि नाव दिले जाते. पुढे येणाऱ्या यंत्रांसाठी जागा मोकळी सोडली जाते. कारण राउटर एकदा भरला की तो वाढविणे म्हणजे चालत्या घराचा पाया खणणे होय. एकाच कामाचे दोन स्रोत, एक नित्याचा आणि एक आपत्कालीन, राउटरच्या एकाच पट्टीवर जोडावयाचे नाहीत. पट्टी नादुरुस्त झाली तर दोन्ही एकदम जातील. यंत्राला वीज पुरविणारे दोन संच असावयास हवेत, आणि ते दोन वेगवेगळ्या मंडलांवर असावयास हवेत. एकाच सॉकेटमधून दोन्ही घेतले तर दुसरा संच केवळ मनाच्या समाधानापुरता उरतो.

त्यानंतर तारा. चित्राच्या अंकीय संकेतासाठी ७५ ओहम रोधाची समाक्ष केबल वापरतात. साध्या विभेदनाच्या अंकीय चित्रात सेकंदाला २७ कोटी बिट धावतात, तर उच्च विभेदनाच्या चित्रात १४८ कोटी ५० लाख. वेग वाढला तशी केबलची पोहोच आटली. साध्या चित्राला जी केबल तीनशे मीटरपर्यंत पुरत असे, तीच उच्च विभेदनाच्या चित्राला सुमारे शंभर मीटरच्या पुढे दगा देऊ लागते. आणि अंकीय संकेताचा दगाही विलक्षण असतो. जुने चित्र हळूहळू धूसर होत जाई व पूर्वसूचना देई. अंकीय चित्र शेवटच्या हातापर्यंत निर्मळ दिसते आणि एकाएकी फुटते. म्हणून लांबी मोजून, लिहून ठेवावी लागते. प्रत्येक तारेच्या दोन्ही टोकांना एकच क्रमांक चिकटविलेला असावा, हा नियम क्षुल्लक वाटतो. पण मध्यरात्री शेकडो काळ्या तारांच्या जंगलात शिरलेल्या अभियंत्याला त्या एका चिठ्ठीइतका मोठा आधार दुसरा नसतो.

तारांची बाजू यंत्राची; नियंत्रण-फलकाची बाजू माणसाची. हा फलक म्हणजे पॅनेल. त्याचे मुख्य दोन प्रकार आहेत. एका प्रकारात पॅनेल एकाच ठिकाणासाठी असते; ध्वनिमुद्रणाच्या यंत्राशेजारी बसविलेल्या अशा पॅनेलवर फक्त स्रोतांची निवड करता येते. दुसऱ्या प्रकारात आधी ठिकाण निवडावयाचे, मग स्रोत निवडावयाचा आणि शेवटी ‘टेक’ ही कळ दाबावयाची. ही शेवटची कळ म्हणजे विचाराला दिलेला क्षण आहे. काय होणार आहे ते डोळ्यांपुढे दिसते आणि मग हात संमती देतो. मुख्य नियंत्रण कक्षात हा दुसरा प्रकार असतो तो याच कारणास्तव.

पॅनेलची मांडणी करताना कोणाला काय दिसावे आणि कोणाला काय बदलता यावे, हे ठरविणे सर्वांत नाजूक असते. राउटरच्या दृष्टीने कोठूनही कोणताही मार्ग जोडता येतो. परंतु केंद्राच्या दृष्टीने तसे करू देणे घातक आहे. तालमीच्या खोलीतील पॅनेलवर क्षेपणयंत्राचे नावच नसावे. क्षेपणयंत्राच्या मार्गाला कुलूप घालता यावे, आणि ते कुलूप ज्याने घातले त्यालाच, अथवा मुख्य कक्षालाच उघडता यावे. जे दहा मार्ग नेहमी एकदमच बदलावे लागतात, ते एका कळीत बांधून ठेवता येतात; त्याला साल्व्हो म्हणतात. बातमीपत्राची वेळ झाली की एक कळ, आणि दहा सांधे एका क्षणात बदलतात. परंतु ही सोय दुधारी आहे. पुढे यंत्रांची अदलाबदल झाली आणि साल्व्होमधील यादी सुधारावयाची राहिली, तर तीच कळ दहा चुका एकदम करते.

शिवाय नावांचा प्रश्न आहे. पुष्कळ पॅनेलांच्या कळीवर आठ अक्षरांपुरतीच जागा असते. ‘स्टुडिओ दोन, उजवीकडचा मायक्रोफोन’ हे आठ अक्षरांत बसवावयाचे म्हणजे संक्षेप आला, आणि संक्षेप आला की गैरसमज आलाच. ज्याने राउटर उभारला त्याला कळेल असे नाव उपयोगाचे नाही. जो पहाटे तीन वाजता पहिल्यांदाच एकटा कामावर बसला आहे, त्याला कळेल असे नाव हवे. चांगली केंद्रे यासाठी नावांचे नियम लिहून ठेवतात आणि एकच वस्तू सर्व पॅनेलांवर एकाच नावाने दिसेल याची काळजी घेतात. कॅमेऱ्यावर लागणारा तांबडा दिवा आणि पडद्याखाली झळकणारे नाव हीसुद्धा राउटरकडूनच येतात. मार्ग बदलला तरी दिवा जुन्याच कॅमेऱ्यावर राहिला, तर समोर बसलेला वक्ता आपण दिसत नाही अशा समजुतीने चष्मा पुसू लागतो.

सर्व जोडून झाल्यावर परीक्षा. येथे चिठ्ठीवर विश्वास ठेवून चालत नाही. एकाने प्रत्यक्ष स्टुडिओत जाऊन प्रत्येक मायक्रोफोनमध्ये त्याचे नाव उच्चारावयाचे आणि दुसऱ्याने दुसऱ्या टोकाला ते ऐकून यादीवर खूण करावयाची, ही जुनी पद्धत अद्याप सर्वांत खात्रीची आहे. दोन वाहिन्यांचा आवाज असेल तर परीक्षेच्या स्वरापैकी डाव्या वाहिनीचा स्वर ठराविक काळाने क्षणभर थांबविण्याचा प्रघात आहे. त्यामुळे डावे कोणते आणि उजवे कोणते ते कानालाच कळते. याहून फसवी चूक आणखी एक आहे. जुन्या पद्धतीच्या आवाजाच्या तारेत दोन वाहक असतात. एका वाहिनीत ते उलटे जोडले गेले तर दोन कर्ण्यांवर ऐकणाऱ्याला फारसे काही वावगे वाटत नाही. परंतु दोन्ही वाहिन्या एकत्र करणाऱ्या एका कर्ण्याच्या रेडिओवर दोन लहरी परस्परांना खाऊन टाकतात, आणि दोहोंत समान असलेला निवेदकाचा आवाज जवळजवळ नाहीसा होतो. नियंत्रण कक्षात सारे ठीक असते. आणि किनाऱ्यावर होडी लोटण्यापूर्वी लहानशा रेडिओला कान लावून बसलेल्या कोळ्याला हवामानाचा इशारा ऐकूच येत नाही. म्हणून दोन वाहिन्या एकत्र करूनही ऐकून पाहणे, ही परीक्षेतील चुकवू नये अशी पायरी आहे.

शेवटची परीक्षा अपघाताची. विजेचा एक संच मुद्दाम बंद करावयाचा. नियंत्रणाचा मेंदू असलेली पट्टी काढून पाहावयाची. चांगल्या राउटरात मेंदू काढला तरी जोडलेले मार्ग तसेच राहतात, फक्त नवे जोडता येत नाहीत. सारी वीज घालवून पुन्हा आणावयाची आणि यंत्राला आपले पूर्वीचे मार्ग आठवतात की नाही ते पाहावयाचे. आणि सर्व उपाय खुंटले तर क्षेपणयंत्राकडे सरळ जाणारी एक जुनी खुंटीची तार भिंतीवर टांगलेली असावी. शतकापूर्वीच्या त्या पॅच बेला शहाणी केंद्रे अजून निवृत्त करीत नाहीत.

आता या यंत्राचेही रूप पालटत आहे. २०१७ पासून प्रसिद्ध होऊ लागलेल्या एसएमपीटीई एसटी २११० या मानकमालिकेनुसार चित्र, आवाज आणि इतर माहिती संगणकांच्या जाळ्यातून वेगवेगळ्या प्रवाहांनी पाठविता येते. तेथे छेदनबिंदूंची चौकट एका पेटीत नसते. संपूर्ण जाळेच राउटर बनते. मध्यवर्ती तालसंकेताची जागा जाळ्यातूनच वाहणाऱ्या अचूक घड्याळाने घेतली आहे. परंतु कर्मचाऱ्यापुढील पॅनेल मात्र बव्हंशी तेच राहिले आहे. त्यावर नावे आहेत, कळी आहेत, कुलूप आहे आणि ‘टेक’ आहे. तारा गेल्या तरी प्रश्न गेला नाही. उलट डोळ्यांना दिसणारी तार नाहीशी झाल्यामुळे नावावर आणि यादीवर अधिकच भार पडला आहे.

स्ट्राउजरने मधला माणूस काढून टाकला, असे वाटले होते. वस्तुतः तो गेला नाही. तो थोडा मागे सरकला. पूर्वी तो प्रत्येक वेळी खुंटी खोचीत असे. आता तो एकदाच बसून यादी करतो, नावे देतो, कुलपे ठरवितो आणि परीक्षा घेतो. त्यानंतर वर्षानुवर्षे दुसरीच माणसे त्याच्या शब्दावर विसंबून कळ दाबतात. कळीवर जे लिहिले आहे तेच घडेल, हे त्याने न बोलता दिलेले वचन आहे. दूर कोठेतरी ठरलेल्या वेळी रेडिओ लावणाऱ्या श्रोत्याला आपल्या भाषेतील बातम्या ऐकू येतात, तेव्हा ते वचन पाळले गेलेले असते.